कृष्णातमामाची फुंकर

मिरजेच्या त्या धर्मादाय इस्पितळात मोठमोठे डॉक्टर होते, पण खेड्यापाड्यांतून येणाऱ्या माणसांना त्यांतल्या एकाचंही नाव धड सांगता यायचं नाही. नाव ठाऊक असायचं ते कृष्णात सपकाळाचं, आणि तेही खरं नव्हे, ठेवलेलं. "रक्त काढायचं हाय व्हय? मग फुंकरवाल्या मामाला गाठ. सुई कवा गेली न् कवा निघाली, कळायचं न्हाई बघ," असं बाजाराला आलेला एक गडी दुसऱ्याला सांगायचा. ही कीर्ती कानावर आली की कृष्णातच्या मिशा आपसूक वर चढायच्या. तो तोंडाने म्हणायचा, "काय तरी बोलत्यात गड्या लोकं," पण त्या दिवशी त्याची चाल जरा जास्तच ताठ असायची.

कृष्णात मूळचा मेढ्याकडचा, जावळीच्या डोंगरातला. त्याच्या भावकीत पोरगा वयात आला की भरतीला जायचा, यात विचारण्यासारखं कुणाला काही वाटत नसे. कृष्णात गेला तो लष्करी दवाखान्याच्या तुकडीत. रक्त काढायचं तिथेच शिकला. शिकवणारा पंजाबी उस्ताद कडक होता. स्पिरिट लाव, वाळू दे, मग सुई. मध्ये बोट नाही, तोंड नाही, काही नाही. वाळेपर्यंत शिपायासारखा उभा राहा. कृष्णात नोकरीभर तसा उभा राहिला. पेन्शनीत निघाल्यावर घरच्या चार वाफ्यांत जीव रमेना, तेव्हा बायकोला, रंगूबाईला, गावीच ठेवून तो मिरजेच्या इस्पितळात रक्त काढायला लागला.

फुंकर तो पलटणीत शिकला नव्हता. ती त्याला बनुबाई नावाच्या एका म्हातारीने शिकवली, म्हणजे तिने काही शिकवलं नाही, नुसती रडली. जतकडची ती म्हातारी सुईच्या नुसत्या नावाने हुडहुडत होती. स्पिरिट लावल्याबरोबर "आगं आई, भाजलं गं," म्हणून ओरडली. कृष्णातला एकदम आपली आई आठवली. गुडघा फुटला की ती राख लावायची आणि तोंड गोल करून हळूच फुंकायची. त्याने म्हातारीच्या हातावर तशीच फुंकर घातली. म्हातारी गप्प झाली. सुई गेली, निघाली, तरी ती गप्पच. मग म्हणाली, "लेकरा, माज्या आयनं घातल्यावाणी वाटलं रं." एवढा मोठा मिशाळ गडी, पण त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या दिवसापासून उस्तादाचा धडा गेला आणि फुंकर आली. पोरंटोरं, बायाबापड्या, पैलवानसुद्धा, सगळ्यांना एक एक फुंकर. स्पिरिट लवकर वाळतं, झोंबत नाही, माणूस निवांत होतो. यात वाईट काय असणार? कुणाच्याही मनात आलं नाही.

आता थोडं रक्ताच्या बाटलीबद्दल सांगायला हवं. ताप उतरेना झाला की डॉक्टर रक्त 'लावायला' सांगत. लावायचं म्हणजे मांसाच्या निवळ रश्शाची एक बाटली असायची, तिच्यात रुग्णाचं रक्त सोडायचं आणि बाटली उबदार पेटीत ठेवून द्यायची. रक्तात जंतू असला तर तो रस्सा पिऊन माजतो आणि बाटली गढूळ होते. निवळ राहिली तर माणूस सुटला. कोल्हापूरकडचा कुणी असला तर तो रस्सा तांबडा का पांढरा, हे विचारल्याशिवाय राहत नसे. थट्टा खूप चालायची, पण बाटली गढूळली की थट्टा संपायची. मग पुढे कडक इंजेक्शनं, आणि आठवडेच्या आठवडे खाट.

शहात्तर सालातली गोष्ट. सांगलीच्या एका गिरणीत शमशेर नावाचा कामगार होता. पगारातून विम्याची वर्गणी कापली जायची, त्यामुळे घरच्यांचंही औषधपाणी कामगार विमा योजनेतून व्हायचं. त्याची बायको साबेरा पहिलटकरीण. मुलगी झाली, नाव ठेवलं नसीम, आणि चार दिवसांत साबेराला हुडहुडी भरून ताप आला. विम्याच्या दवाखान्याने तिला मिरजेला धाडलं, कारण योजनेने या इस्पितळात आपल्या माणसांसाठी खाटा राखून ठेवल्या होत्या. डॉक्टरांनी रक्त लावायला सांगितलं. कृष्णात ट्रे घेऊन गेला. साबेरा अंग चोरून बसली होती.

"भिऊ नकोस पोरी," तो म्हणाला. "माज्याकडं बगू नकोस, त्या खिडकीकडं बग." त्याने स्पिरिट लावलं, वाकला आणि हळूच फुंकर घातली.

"झालं व्हय मामा?" तिने विचारलं तेव्हा रक्त बाटलीत गेलंही होतं. ती हसली. ते हसू कृष्णातने खिशात घातल्यासारखं नेलं.

तिसऱ्या दिवशी ताप आपोआप उतरला. पण त्याच दिवशी बाटली गढूळली.

बाटलीपुढे कुणाचं चालत नाही. रक्तात जंतू, असं ठरलं. इंजेक्शनं सुरू झाली. दूध पाजायचं नाही आणि मूल वॉर्डात आणायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. सासू शाहजादीबी नातीला घेऊन सांगलीहून बसने यायची आणि खालच्या लिंबाच्या झाडाखाली उभी राहायची. दोन्ही हातांनी पोर वर धरायची. साबेरा वरच्या खिडकीच्या गजांना धरून बघायची. पोर रडली की इकडे साबेराची चोळी भिजायची. ती पदर ओढून घ्यायची, पण येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायचंच. एकदा कृष्णात तिथून जात असताना त्याने ते पाहिलं आणि मान वळवली. बिचारी, रक्तच खराब, याला कोण काय करणार, असं मनाशी म्हणून तो पुढे गेला.

करणारी एक जण होती, राहीबाई. प्रयोगशाळेत काचेच्या पिचकाऱ्या आणि सुया धुऊन उकळायचं काम तिच्याकडे होतं. पेठ गावाकडची विधवा बाई, तोंडाने फटकळ. संध्याकाळी स्टोव्ह विझवला की ती हात धुऊन बायकांच्या वॉर्डात जायची आणि साबेराच्या खाटेभोवती पडदा ओढायची. मग अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत तिचं दूध पिळून काढायची.

"आटू द्यायचं न्हाई," ती दरडावायची. "धारंला खाडा पडला की गाय आटती, बाईचंबी तसंच. घरी जाशील तवा लेकराला काय पाजशील? रोज काडायचं. दुकलं तरी काडायचं."

साबेरा ओठ चावून काढू द्यायची. वाटीतलं दूध मोरीत ओतताना मात्र दोघीही तिकडे बघत नसत.

मग एके दिवशी विमा योजनेचे डॉक्टर अत्तार आले. बारीक चणीचा, हळू बोलणारा माणूस. दिवस आणीबाणीचे, त्यामुळे सरकारी पाहुणा म्हटला की सगळे आधीच दबकून. प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टर गोगटेबाई त्यांना घेऊन आत आल्या आणि सगळ्यांना बोलावलं.

"आमच्या कामगारांच्या बाटल्या तुमच्याकडे जितक्या गढूळ होतात, तितक्या दुसऱ्या कुठल्याच इस्पितळात होत नाहीत," अत्तार म्हणाले. "एक तर सांगलीच्या गिरणीत काहीतरी भयंकर साथ आहे, नाहीतर तुमच्याकडे बाहेरचा जंतू बाटलीत शिरतोय. म्हणून योजनेने आता ठरवलंय. बाटली गढूळ झाली की लगेच दुसऱ्या हाताचं रक्त घेऊन पुन्हा लावायचं. दोन्हींत एकच जंतू आला तरच लांबची इंजेक्शनं. आणि ज्या इस्पितळाच्या बाटल्या अशा खोट्या निघतील, तिथल्या आमच्या खाटा आम्ही काढून घेऊ."

ते बाहेर चहाला गेले. गोगटेबाईंचा चेहरा उतरला होता. "कुठं चुकतंय आपलं?" त्यांनी विचारलं.

सगळे कृष्णातकडे बघायला लागले, कारण रक्त तो काढायचा. त्याला ते बघणं सहन झालं नाही. पलटणीतला माणूस तो, त्याच्याकडे असं बघायचं? तळपायाची आग मस्तकात गेली आणि तोंडातून निघून गेलं, "बाई, माजा हात सोच्छ हाय, कुणीबी सांगंल. उकळायचं काम राहीबाईकडं. स्टोव त्यो असला धुरकट. पानी नुसतं कोमट हून उतरत असंल, काय सांगावं?"

राहीबाई कोपऱ्यात उभी होती. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. पाणी उकळलं होतं हे पाणी थोडंच सांगणार?

दुसऱ्या दिवशी तिला धुलाईखान्यात पाठवलं, इस्पितळाच्या पार मागच्या अंगाला, वॉर्डात फिरकायची बंदी घालून. जाताना ती कृष्णातजवळ थांबली. भांडेल म्हणून त्याने छाती पुढे काढली. ती एवढंच म्हणाली, "मामा, सांजच्याला त्या साबेराकडं कुणाला तरी लावून द्या. दूद काडाया पायजे तिचं. इसरू नगा."

"व्हय व्हय," कृष्णात म्हणाला. आणि विसरला. अगदी सहज विसरला. तो दिवस त्याने सांगली-मिरज रस्त्यावरच्या हॉटेलात मिसळ खाऊन साजरा केला होता, हे त्याला पुढे फार आठवायचं. 'आपण नुसतं असंल म्हणालो, हाय म्हणालो न्हाई,' असं तो तेव्हा मनात घोळवत होता आणि ते त्याला पटतही होतं.

नव्या नियमाप्रमाणे साबेराचं रक्त दुसऱ्यांदा लावायचं ठरलं. तिला कुणीतरी सांगितलं होतं की ही बाटली निवळ निघाली तर घरी जायला मिळेल. गोगटेबाईंनी या वेळी नव्या माणसाला पाठवलं. साबेराने हात मागे घेतला. "फुंकरवाले मामाच पायजेत," म्हणाली. "त्यांचा हात लागला की बरं वाटतं." निरोप आला तेव्हा कृष्णातने गोगटेबाईंकडे असं पाहिलं की बघा, आणि तुम्ही मला संशयाने विचारत होता.

"मामा, आता जाईन न्हवं घरी?" साबेराने विचारलं.

"जाशील की. जाशील न्हाई तर काय," तो म्हणाला. "आज दोन फुंकरा घालतो बग. एक तुजी, एक तुज्या लेकीची."

त्याने दोन फुंकरा घातल्या. सावकाश, मनापासून.

बाटली गढूळली. जंतूही तोच. आता शंकेला जागा राहिली नाही. डॉक्टरांनी इंजेक्शनं वाढवली. साबेराने गजांना डोकं लावलं. खाली लिंबाखाली पोर रडत होती, शाहजादीबी तिला वर धरून दाखवत होती, आणि साबेराची चोळी कोरडी होती. कृष्णात शेजारच्या खाटेशी होता. चोळी कोरडी आहे हे त्याला दिसलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. बरं झालं, बिचारीचा तेवढा तरी त्रास गेला, असंच त्याला वाटलं.

अत्तार परत आले ते साबेराच्या खाटेपाशी बराच वेळ बसले. तिची नाडी बघितली, जीभ बघितली, जेवण जातं का विचारलं. मग गोगटेबाईंना म्हणाले, "हिला ताप नाही, भूक लागते, झोप लागते. आणि रक्तात दोनदा जंतू? माझ्या मनाला पटत नाही. तिसऱ्यांदा घ्या. माझ्यासमोर घ्या."

कृष्णातला बोलावलं. विम्याच्या डॉक्टरसमोर हात दाखवायची संधी! त्याने मिशीवरून बोट फिरवलं, पट्टा बांधला, शीर बघितली, स्पिरिट लावलं आणि वाकून सुरेख फुंकर घातली.

"थांबा," अत्तार म्हणाले. "हे काय केलंत?"

"फुंकर, सायेब. स्पिरिट झोंबतं ना, म्हून."

"रोज घालता?"

"रोज. सगळ्यास्नी. फुंकरवाले मामाच म्हणत्यात मला," कृष्णात म्हणाला. त्याला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

अत्तारांनी प्रयोगशाळेतून दोन काचेच्या झाकणाच्या ताटल्या मागवल्या. त्यांत चायना ग्रास घालून थिजवलेला तोच रस्सा होता. एका ताटलीचं झाकण त्यांनी उचललं. "हिच्यावर घाला बरं एक. अगदी तशीच." कृष्णात हसला आणि साबेराच्या हातावर घातली होती तशी फुंकर ताटलीवर घातली. दुसऱ्या ताटलीचं झाकण तेवढाच वेळ उघडून अत्तारांनी मिटलं. मग त्यांनी साबेराचा हात पुन्हा पुसला आणि आपले हात मागे बांधून उभे राहिले. स्पिरिट आपोआप वाळेपर्यंत उभे राहिले. त्यांचं ते उभं राहणं कृष्णात बघत राहिला. असं उभं राहायला त्याला एका माणसाने शिकवलं होतं.

"थोडं झोंबेल हं," साबेराला एवढं सांगून अत्तारांनी स्वतः रक्त घेतलं. तिने डोळे घट्ट मिटले.

दोन दिवसांनी गोगटेबाईंनी त्याला आत बोलावलं. टेबलावर साबेराची बाटली होती, देवळातल्या तीर्थासारखी निवळ. शेजारी दोन ताटल्या. एक कोरी. दुसरीवर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पांढरे-पिवळे ठिपके दाटीवाटीने उठले होते. कुणी काही सांगायची गरज नव्हती. कृष्णातची फुंकर उगवून आली होती.

तो बघत राहिला. त्याच्या तोंडातून निघालेलं हे, आणि हे त्याने किती हातांवर पेरलं होतं! बनुबाईपासून आतापर्यंत सगळे हात डोळ्यांपुढून जायला लागले. त्यांतले किती जण खाटेवर पडून राहिले, कुणी कामाला मुकला, कुणाच्या अंगात फुकट विष टोचलं गेलं, कोण सांगणार? तो तोंडावर हात ठेवून उभा राहिला.

"सपकाळ," अत्तार हळूच म्हणाले, "तुमचा हात फार चांगला आहे. तोंड तेवढं लांब ठेवा."

त्यापेक्षा त्यांनी मुस्काटात मारली असती तरी चाललं असतं. गोगटेबाईही रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एवढंच सांगण्यात आलं की यापुढे स्पिरिट लावून वाळेपर्यंत थांबायचं, पुसलेल्या जागेला बोट लावायचं नाही, तोंड लांब ठेवायचं, ही विमा योजनेची अट आहे. कुणाचंही नाव घेतलं नाही. योजनेच्या खाटा शाबूत राहिल्या, त्या आनंदात इस्पितळाने जास्त चौकशी केली नाही. साबेराला शमशेर घरी घेऊन गेला. आणि राहीबाईला धुलाईखान्यातून परत बोलवायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

म्हणजे कृष्णात गप्प बसला असता तर सगळं तसंच झाकून राहिलं असतं. आणि तो गप्प बसला. रजा टाकून मेढ्याला पळाला. गावात रंगूबाईने आल्या आल्या शेजारच्या बाईला हाक मारून सांगितलं, "आलं गं आमचं फुंकरवालं!" कारण त्याची कीर्ती डोंगरातही पोचली होती. संध्याकाळी ती चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली आणि त्याच्याकडे वळून हसत म्हणाली, "आवं, तुमीच घाला की एक फुंकर. तुमच्या फुंकरंनं लाकडंबी हसत पेटत्याल." कृष्णात उठून बाहेर गेला. कठड्यावर बसला. त्याला भूक नव्हती. रंगूबाई मागून आली, काय झालं विचारायला लागली, तर तिलाही सांगवेना. बायकोसमोरसुद्धा तोंड उघडायची लाज वाटली, आणि लाज त्या तोंडाचीच होती.

रजा संपायच्या आधीच तो मिरजेला परतला आणि थेट धुलाईखान्यात गेला. राहीबाई सोड्याच्या पाण्यात चादरी आपटत होती. हाताची कातडी पांढरी पडून सुटली होती.

"राहीबाई," तो म्हणाला, "चूक तुमची न्हवती. पानी उकळत हुतं. माज्या फुंकरंनं बाटल्या नासत हुत्या. मी तुमचं नाव घेतलं."

राहीबाईने चादर पिळली, झटकली, दोरीवर टाकली. आता शिव्या घालेल, असं त्याला वाटलं. घालाव्यात, असंही वाटलं.

"मी सांगितलं हुतं तुमाला," ती म्हणाली. "साबेराकडं लावून दिलं हुतं का कुणाला?"

कृष्णातला ती कोरडी चोळी दिसली. आत्ता कुठे तिचा अर्थ लागला.

"न्हाई," तो म्हणाला.

"मग आटलं असंल," राहीबाई म्हणाली आणि दुसरी चादर पाण्यात घातली. 'असंल' हा शब्द तिने टोमणा म्हणून उच्चारला नव्हता. तरी तो त्याच्या कानात जाऊन बसला.

तो तिथून गोगटेबाईंकडे गेला आणि सगळ्यांसमोर, मोठ्याने, राहीबाईचा दोष नव्हता, मी खोटा संशय घातला, असं सांगितलं. मान वर करून सांगायचं असं रस्ताभर ठरवलं होतं, पण मान काही वर झाली नाही. राहीबाई परत आली. तिचा स्टोव्ह पुन्हा धुरकू लागला. बाटल्याही निवळ राहायला लागल्या. गढूळ झालीच तर आता ती खरोखर गढूळ असायची आणि डॉक्टर तिच्यावर विश्वास ठेवायचे. कृष्णात स्पिरिट लावून हात मागे बांधून उभा राहायचा. लोक विचारायचे, "मामा, आज फुंकर न्हाई?" तो म्हणायचा, "बंद झाली." एवढंच. का बंद झाली ते तो सांगत नसे. तेवढं धैर्य त्याच्यात अजून आलं नव्हतं.

मग एका दुपारी साबेरा आली. कडेवर नसीम, मागे शाहजादीबी. पोर वाळून कोळ झाली होती. म्हशीचं दूध पचत नव्हतं, जुलाब थांबत नव्हते, वर ताप. विम्याच्या दवाखान्याने रक्त तपासायला पाठवलं होतं. साबेराने दारातूनच कृष्णातला पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला.

"मामा हायेत! अम्मी, मामा हायेत," ती सासूला म्हणाली. मग जवळ येऊन बोलायला लागली, "बघा ना, अंगावर घेतच न्हाई. मला काय येतच न्हाई, तर घेणार तरी काय? लय हाल झाले पोरीचे. तुमच्या हातनं सुई टोचून घ्यावी म्हटलं, म्हंजे रडायची न्हाई."

ती बाकावर बसली. पोरीचा इवलासा हात तिने त्याच्यापुढे धरला. कृष्णातने स्पिरिट लावलं आणि हात मागे बांधले. नसीम ओठ काढायला लागली.

"फुंकर घाला की, मामा."

कृष्णात खाली बसला, तिच्या समोर, फरशीवर. उभ्याने सांगायचं नव्हतं त्याला.

"पोरी, तुज्या रक्तात काय बी न्हवतं," तो म्हणाला. "पयल्या बारीलाबी न्हाई, दुसऱ्या बारीलाबी न्हाई. माज्या तोंडातलं बाटलीत गेलं. त्या फुंकरंतनं. म्हून तुला डांबून ठेवलं. राहीबाई तुजं दूद राखत हुती, तिलाबी मीच हितनं घालवली. तुजं दूद माज्यापायी गेलं."

शाहजादीबीने तोंडाला पदर लावला. साबेरा त्याच्याकडे बघत राहिली. ती रागावली नाही. तिला समजायला वेळ लागत होता, आणि समजत जाताना तिचा चेहरा कसा कसा बदलत गेला ते सगळं त्याला बघावं लागलं.

"दुसऱ्या टायमाला दुसरं माणूस आलतं," ती शेवटी म्हणाली. "मीच न्हाई म्हटलं. मीच तुमचं नाव घेतलं हुतं, मामा."

तिने पोरीचा हात पुन्हा त्याच्यापुढे धरला.

"काढा रक्त," ती म्हणाली. "पोरगी तापलीय."

स्पिरिट कधीच वाळून गेलं होतं. त्याने पुन्हा लावलं, पुन्हा थांबला. पोरीची शीर दोऱ्याएवढी. साबेरा सवयीने, आईच्या सवयीने, तोंड गोल करून त्या हातावर वाकली आणि अर्ध्यातच थांबली. त्याने काही म्हणायच्या आधी स्वतःच थांबली. तिने तोंड बाजूला केलं. सुई गेली. नसीम किंचाळली. आजवर त्याच्या हातात पोर रडलं की त्याला अपमान वाटायचा. आज तो तिला रडू देत रक्त काढत राहिला. रक्त बाटलीत सोडलं, कापूस दाबला, पट्टी लावली.

पोर हमसून हमसून रडत होती. साबेराने तिला उरापाशी धरलं, पट्टी लावलेला हात आपल्या तळहातावर घेतला आणि कृष्णातकडे पाहिलं.

"आता घातली तर चालंल न्हवं?" तिने विचारलं.

स्वतःच्या लेकराच्या हातावर फुंकर घालायला ती त्याची परवानगी मागत होती. कृष्णातने मान हलवली. तिने फुंकर घातली तेव्हा तो बाटलीवर नाव लिहायच्या निमित्ताने भिंतीकडे तोंड करून उभा होता, आणि पोर गप्प होईपर्यंत वळला नाही.